सहाचं काडतूस

बंदुकीची नळी फुटली आणि सासऱ्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ती कुठं पडली ते मी शोधलं नाही. रक्त थांबवायचं होतं. माळावर आम्ही दोघंच होतो. खाली आमचं घर दिसत होतं, त्यात कोणी नव्हतं.

मी लुगड्याचा पदर दातांनी फाडला आणि त्यांचा हात मनगटापाशी आवळून बांधला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

"डोक्यावर पदर घे," ते म्हणाले.

"पदर तुमच्या हाताला बांधलाय, मामंजी."

त्या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी बोललेलं हे दुसरं वाक्य. पहिलं थोडं आधी ओरडून झालं होतं. ते पुढं सांगते.

आमच्यात तेव्हा सून सासऱ्यासमोर बोलत नसे. पदर ओढून भाकरी पुढं सरकवायची आणि आत यायचं. आमचं घर म्हसवडच्या अंगाला, गावापासून लांब, रानात. सासू मी यायच्या आधीच वारलेली. नवरा फौजेत होता, तो लामावर गेला, म्हणजे लढाईवर. बाजरी निसवायच्या सुमाराला तार आली की तो पडला. रडून झालं. मग घरात दोन माणसं उरली, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

बोलायची एक वाट तेवढी होती, काडतुसांची. सासऱ्यांकडं परवान्याची एकनळी बंदूक होती, मधे मोडून भरायची. लांबचं त्यांना चांगलं दिसे, जवळचं अक्षर दिसत नसे. पुठ्ठ्याच्या काडतुसाच्या तोंडावर गोल चकती असते आणि तिच्यावर आतल्या छऱ्याचा आकडा. आकडा वाढेल तसा छर्रा बारीक. हे मला पहिल्यांदा उलटंच वाटलं होतं. ते डबा घेऊन ओसरीवर बसत आणि मी दाराआड. एकेक काडतूस उंबऱ्यावर ठेवत आणि हवेला विचारल्यासारखं विचारत.

"हे कितीचं हाय?"

"सहा."

"सहाचं तित्तराला. आन हे?"

"चार."

"ते सशाला. चारनं तित्तर मारलं तर खायाला पिसंच ऱ्हातील."

मग काडतूस कानाशी हलवायचं, बुडाचं पितळ हिरवं पडलंय का बघायचं, आणि नळीत घालून बघायचं. सरकन गेलं तर चांगलं. ओल धरून फुगलेलं आत जात नाही. लढाईमुळं नवी काडतुसं मिळत नव्हती, होती ती पावसाळाभर कणगीमागं पडलेली. फुगलेली ते पत्र्यावर उन्हात वाळवत, मी सांडगे वाळवी तशी. वाळली की ती नळीत बसत. ती आम्ही चांगल्यात टाकत होतो.

शेजारच्या वस्तीवरची बाई एकदा म्हणाली, "सासऱ्याशी लय बोलतीस म्हनं गं?"

"आकडंच बोलते."

"तेवढं तरी बोलतीस. आमचं म्हातारं नुस्तं खोकतंय."

इंग्रजी आकडे मला शाळेत नव्हते. मी मराठी चौथी. ते नवऱ्यानं शेवटच्या सुट्टीत चुलीपुढं राखेत बोटानं काढून शिकवले. "आबाला जवळचं दिसत न्हाई. तू वाचत जा," म्हणाला. आणखी एक सांगितलं, "बार पोकळ वाजला तर दुसरा भरायच्या आधी नळीतनं आरपार बघायचं. आत अडकलेलं असतंय, दुसऱ्या बारानं नळीच फुटती."

"मी कुनाला सांगू? मला बोलायचं न्हाई."

"तवा बोल," म्हणाला आणि हसला.

तार आल्यापासून सासऱ्यांना घरात बसवत नव्हतं. हरभऱ्यात ससे पडायला लागले तसे ते सकाळीच माळावर निघत. आकडे वाचायला मी मागं. खांद्याला पिशवी, तोंडावर पदर. वाटेत एक मेंढका भेटे, तो रोज तेच म्हणे, "आबा, सुनंला शिपाई केली का?" सासरे म्हणत, "तुजी मेंढरं संबाळ की."

त्या दिवशी झुडपातनं तित्तर उठलं. सहाचं काडतूस मीच वाचून दिलेलं. बार झाला पण आवाज बसका आला, रिकाम्या डब्यावर काठी मारल्यासारखा. तित्तर उडून गेलं. समोरच्या धुळीत एकही छर्रा पडला नाही. सासरे म्हणाले, "हुकलं." तेवढ्यात पलीकडं ससा उठला. त्यांनी बंदूक मोडली, चारचं काडतूस भरलं, खांद्याला लावली.

मी ओरडले, "मामंजी, थांबा!"

हा आवाज कुणाचा ते त्यांना कळलं नाही. आकड्यांपलीकडं त्यांनी माझा आवाज ऐकलाच नव्हता. माळावर हे तिसरं माणूस कोण म्हणून त्यांनी मान वळवली, पण बोट तोवर दाबलं गेलं होतं. तोंड वळलेलं होतं म्हणून डोळे वाचले.

पदर बांधल्यावर मी त्यांना उठवलं. थोडं चालले आणि बसले. "मला हितंच ऱ्हाऊ दे," म्हणाले. "पोरगं गेलं, आता मी बी जातो."

"तुमी जाल. मी त्या घरात एकटी काय करू? भिताडांस्नी आकडं वाचून दाखवू? उठा."

ते उठले. पुढं मी बोलतच राहिले. इथं दगड आहे, इथं उतार आहे, डोळे मिटू नका. कितीतरी दिवसांचं बोलणं साठलेलं होतं, ते सगळं दगडधोंड्यांवरच संपलं. उतारावर तो मेंढका भेटला. थट्टा न करता त्यानं घोड्यावरचं बिऱ्हाड खाली टाकलं आणि सासऱ्यांना वर बसवलं. म्हसवडच्या डॉक्टरनं हात शिवला. ताप आला, हात कोपरापर्यंत सुजला, पण पुढं ताप आणि सूज उतरली.

घरी आल्यावर मी लुगडं बदललं आणि तोंडावर पदर घेतला. बंदूक निकामी झाली, परवाना परत केला, उरलेली काडतुसं पोलीस पाटील घेऊन गेला. डबा मी मिठाला काढला. मग विचारायला काही उरलं नाही. मी भाकरी पुढं सरकवी, ते उजव्या हातानं खात, मी आत जाई. माळावरचं बोलणं कुणी काढलं नाही.

कधी ते ओसरीवर नुसते बसलेले असत आणि मी दाराआड बसे. हाक येईल असं वाटे. आली नाही.

नवरा लढाईत गेला. सासरे जगले, आणि मी जगले.