देण्याची साडी

इचोड्याच्या कापड दुकानात बाई शिरली की गादीवरचा शेठ आधी एकच गोष्ट विचारतो, "पहनने की चाहिए, या देने की?" आणि बाई जराही न लाजता सांगते, "देने की." मग वरच्या फळीवरून गठ्ठा खाली येतो. अंगाला चिकटणाऱ्या, घाम न शोषणाऱ्या, डोळ्यांत खुपेल अशा जरीच्या साड्या. त्या कोणी नेसत नाही. लग्नात, बारशात आहेर म्हणून देतात, घेणारी कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत घालते. माझ्या शाळेतल्या तेलुगू बाया त्यांना पेट्टुबडी म्हणतात, आम्ही देण्याच्या म्हणतो. एकेक साडी अख्खा जिल्हा फिरून येते, पण तिची घडी मोडत नाही. मग कापड तरी कशाला, नुसतं खोकं द्या, असं मी एकदा शेठला म्हणाले. तो हसला. त्याचा धंदा होता, तो हसणारच.

मला या प्रकाराची शिसारी येते. आमच्या शाळेतल्या बायांची तर त्याहून जास्त. मी आदिलाबादला शिक्षिका आहे. आमचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यावर मुलांच्या अभ्यासाबद्दल कधी अवाक्षर नसतं. पण शुक्रवारी सगळ्यांनी जांभळं नेसायचं, हे मात्र सोमवारीच येतं. घरी दोन कपाटं दाबून भरलेल्या बाईकडे नेमकं जांभळंच नसतं, म्हणून ती बाजारात पळते. कोणाच्या हळदीला पिवळं, मेंदीला हिरवं. फोटो निघाला की साडी कपाटात, परत तोंड दाखवत नाही, कारण ती सगळ्यांनी बघितलेली. शिकल्यासवरल्या बाया, आणि डोकं गहाण टाकलेलं.

म्हणून गेल्या एप्रिलमधल्या जयंतीनंतर मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, वर्षभर एकही नवी साडी घेणार नाही. आहे तेच नेसणार. सुट्टीत कपाट रिकामं केलं. उसवलेले फॉल लावून घेतले, विटलेल्या दोन साड्यांची वाकळ शिवून घेतली, बाकीच्या आळीपाळीने नेसू लागले. जयंतीला नेसायच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या सुती साड्या सहा निघाल्या, त्यातल्या दोन कधी अंगालाही लागल्या नव्हत्या. त्या जपून वेगळ्या ठेवल्या. शाळेत कोणी नवी साडी नेसून आली की मी तिच्याकडे बघून नाक मुरडत असे, आणि ते तिला दिसेल अशी काळजीही घेत असे.

कपाटातून आहेरात आलेल्या साड्यांची एक पिशवीही निघाली. तिची सोय ठरलेली होती. माझी मोठी बहीण बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यात राहते, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते. आम्हा दोघींत शाळेत एकीलाच पाठवणं जमलं, ती मी. माझ्याकडे साचलेल्या देण्याच्या साड्या मी दरवर्षी अक्काला नेऊन द्यायची. ती ठेवून घ्यायची आणि उन्हातान्हात तेच प्लास्टिक गुंडाळून वेचणीला जायची. चला, कोणी तरी वापरतंय, वाया जात नाही, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता.

मार्चमध्ये तिच्या लेकीचं लग्न जुळलं आणि साक्षगंध ठरलं. मुलगा तलमडुगुचा, त्याच्या घरी दोन मास्तर, एक कारकून. आमच्यात अशा कार्याची सुरुवात बुद्धवंदनेने होते, बाया पांढरं नेसून बसतात आणि मुलीची आई पुढे, विहिणीशेजारी बसते. अक्काची एकुलती एक पांढरी साडी पावसाळ्यात ट्रंकेत कुजली होती. तिने फोन केला.

"नेसाले साडी नाई वं. येतानी घेऊन ये एखादी. थे लोक शिकलेले हायेत, लेकीची माय कशी हाय हे पायतीनच नं."

उभ्या जन्मात तिने मला मागितलेली ही पहिली वस्तू. आणि मी काय केलं? दुकानात गेले नाही, कारण माझा नेम. माझ्या सहा पांढऱ्यांतली एकही तिच्यासाठी उचलली नाही, कारण त्या माझ्या नेसायच्या. पिशवीतल्या वरच्या पाच साड्या घेतल्या आणि ऑटोत बसले. देण्याच्या ढिगात पांढरी साडी कधीच नसते, बाजाराला तो रंग अशुभ वाटतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विचारच केला नाही.

मी पोचले तेव्हा अक्का पांढरं ब्लाउज घालून, वर जुनं लुगडं गुंडाळून मागच्या खोलीत माझी वाट बघत होती. तिने पिशवी उघडली. पोपटी, राणी कलर, मोरपंखी. तिने पाचही बाजेवर काढून ठेवल्या.

"पांढरी काऊन नाई आनली?"

"मी यंदा नवी साडी घेत नाई अक्का. नेम केला. ह्या नव्या हायेत पाय, घडीबी मोडली नाई."

"घडी कोन मोडीन? दरसाल मीच मोडतो." तिने माझ्या अंगावरच्या पांढऱ्या साडीचा निळा काठ बोटात धरला. "हे सोड."

"अन मी?"

"यातली नेस. नव्या हायेत."

बाहेर पाहुण्यांची गाडी लागली होती. मी साडी सोडली. ती अक्काने इतकी चापूनचोपून नेसली की मी बघतच राहिले. मी पोपटी गुंडाळली. निऱ्या ठरेनात, तीन पिना लावल्या, खालचा पांढरा परकर आरपार दिसत होता. पाच मिनिटांत पाठ घामाने भिजली. अशा साडीत ही बाई दिवसभर कापूस वेचते, हे मला तेव्हा कळलं आणि स्वतःची किळस आली.

वंदना झाली. अक्का पुढे विहिणीला खेटून बसली होती, दोघी सारख्याच पांढऱ्या. मी मागे दाराशी होते. मुलाची आत्या वळली, तिने माझी साडी बघितली, तोंडाकडे बघितलंच नाही.

"बाई, जरा पानी आना नं इकडं. अन कप उचला हे."

मी मुलीची मावशी आहे, शिक्षिका आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी अक्काकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. सरळ माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. तिने मान वळवली आणि विहिणीला काही तरी सांगू लागली.

मी कप उचलायला वाकले.