दुसऱ्या बेसमेंटमधला पायलट

महाप्याच्या एका आयटी बिल्डिंगच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये ज्योतिबा नऊ वर्षं पंप चालवत होता. खाली टॉवरची रेंज शून्य. नेटवर्क सांभाळणाऱ्या अंकुरनं त्याला युक्ती शिकवली होती: फोन विमान मोडवर टाकायचा, वायफाय लावायचं, मग कॉल वायफायवरून येतात. तेव्हापासून सगळे त्याला पायलट म्हणत. जमिनीखाली दोन मजले बसणारा हा जगातला एकमेव पायलट.

त्या मंगळवारी सकाळी बहीण राजश्रीचा हिंगोलीच्या दवाखान्यातून फोन आला.

"दादा, आई मधीच शुद्धीवर येती अन् तुझंच नाव घेती. परत डोळे उघडले की लावते. फोन हातातून सोडू नको."

"सोडत नाही. सहाला बदली माणूस आला की गाडीच धरतो."

दुपारी दोनला बिल्डिंगचं इंटरनेट दुरुस्तीच्या कामासाठी बंद झालं. तशी मेल सगळ्यांना गेली होती. पंपवाल्याला कोण मेल करतंय?

ज्योतिबा दर पाच मिनिटांनी फोन बघत होता. वायफायच्या पंख्यासारख्या चढत्या रेघा पूर्ण भरलेल्या. शेजारी इंटरनेट नसल्याचं एक बारीक उद्गारचिन्ह तेवढं उमटलं होतं. चष्मा ऐरोलीला घरी राहिला होता. फोनच्या काचेवर घाण बसली असेल म्हणून त्यानं ते दोनदा शर्टानं पुसलं.

फोन वाजला नाही. म्हणजे आई झोपलीय, बरी आहे, असं धरून त्यानं डबा खाल्ला, वर वांग्याची भाजी छान झाल्याचंही पंपाला सांगितलं.

सहाला तो रॅम्प चढून वर आला, विमान मोड काढला. फोन थरथरत राहिला. राजश्रीचे सतरा कॉल चुकल्याचे मेसेज.

त्यानं फोन लावला. बराच वेळ ती नुसती रडली.

"साडेतीनला गेली, दादा. चांगली बोलत होती. मी स्पीकर लावून तिच्या कानाशी धरला, तर ती रेकॉर्डवाली बाई: तुम्ही डायल केलेला नंबर बंद आहे. आई म्हनली, ही कोन? ज्योत्याला दे. मी परत लावला, परत तीच. शेवटी आई त्या बाईलाच म्हनली, बाई, त्याला सांग जेवून घे म्हनावं."

मागून गेटवरचा सुभाष ओरडला, "काय पायलट, लँडिंग झालं का?"

ज्योतिबानं मान डोलावली. रिकामा डबा हातात तसाच होता.