पाहणीवाल्या बाईला दिलेली उत्तरं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गुरुवारचा बाजार. भोसरीच्या कारखान्यात माझी एकतीस वर्षं गेली. सुट्टी गुरुवारी, म्हणून घरात किराणा गुरुवारीच यायचा. रिटायर झालो तरी वार सुटला नाही. पिंपळे गुरवच्या मोठ्या दुकानात त्या दिवशी नेमकी गर्दी असते, तरी तेव्हाच जायचं.

बायकोनं धुण्याच्या पावडरीचे दोन पुडे माझ्यापुढं धरले. "ह्यो घेऊ का त्यो?"

"कोणता बी घे. कापडं धुवायचीत, खायची न्हाईत."

"तुमाला इचारलं की निस्ता येळ जातो."

"मग इचारती कशाला?"

"न्हाई इचारलं तर लोकं म्हणत्याल, नवरा मुका हाय."

आणि तिनं तिसराच पुडा उचलला. मी मागनं पिशव्या घेऊन चाललो.

दोनच दिवसांनी, शनिवारी सकाळी चहा ठेवता ठेवता ती खाली बसली. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं. यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आमच्याकडं दर तीन महिन्यांनी एक बाई यायची. लोक घरखर्च कसा करतात, काय घ्यायचं, काय सोडायचं हे कसं ठरवतात, याचा कसलातरी अभ्यास चालला होता. आमच्या बिल्डिंगमधली दोनचार घरं त्यांनी निवडली होती, त्यात आमचं एक. मला ते रिकामपणाचे उद्योग वाटायचे. बायको मात्र पदर खोचून बसायची. तेल किती, डाळ किती, सगळं तोंडपाठ. बाई टॅबवर बोट मारत राहायची आणि मी बाहेर पेपर चाळायचो. एकदा म्हणालो, "आपल्या तेलाचं त्यांना काय पडलंय?" तर म्हणाली, "एवढ्या वर्सात पयल्यांदा कुणी इचारतंय. सांगू द्या की."

तेरावं होऊन महिना झाला आणि ती बाई आली. तिला काही माहीत नव्हतं. दारातूनच म्हणाली, "काकू कुठायत?"

महिनाभरात असं कुणी विचारलं नव्हतं. येणारा आधीच तोंड पाडून यायचा. मी म्हणालो, "बाहेर गेल्यात." का म्हणालो ते विचारू नका. तोंडातून गेलं ते गेलं.

"मग तुम्हीच सांगा काका. घरात माणसं किती?"

"दोन."

बाईनं बोट मारलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग दोन माणसांचं खाणं सांगणं आलं. मी महिनाभर मेसचा डबा खात होतो. अंदाजानं ठोकत गेलो. तेल विचारलं, म्हणालो दहा लिटर.

बाई थांबली. "महिन्याला? काका, वड्यांची गाडी टाकलीय काय? मागच्या वेळी काकू दोन म्हणाल्या होत्या."

ती हसली, मीही हसलो.

"बरं, भाव वाढले म्हणून काय कमी केलंत?"

"काय न्हाई."

"काकू तर दरवेळी काहीतरी सांगतात. मागच्या वेळी म्हणाल्या, स्वतःचं दूध बंद केलं, कोरा चहा घेते."

मला बायको म्हणाली होती, दुधाचा चहा पित्ताला सोसत नाही. आणि मी खरं धरून चाललो होतो. सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर बसून दुधाचा चहा प्यायलो.

"उद्या काकूंना फोन करून तेलाचं पक्कं करते," म्हणून बाई निघून गेली.

मी तसाच बसून राहिलो. उद्या फोन आला तर काय सांगायचं, हे एक. दुसरं जास्त लागलं. तिनं त्या बाईला मला न सांगितलेलंही खरं सांगितलं होतं. तेवढी एकच जागा तिची होती, आणि तिच्या खऱ्यावर मी माझं दहा लिटर ओतून ठेवलं.

सकाळी आठला मीच फोन लावला.

"बाई, तेलाचं खोटं होतं. सगळंच खोटं होतं. घरात माणूस एक हाय. ती वारली."

पलीकडं हॉर्न वाजत होते. बाई म्हणाली, "काका, काल का नाही सांगितलंत?"

"काल तोंडातनं दोन गेलं."

"मग सगळं नव्यानं भरावं लागेल. आत्ता मी चाकणच्या बसमध्ये उभी आहे. संध्याकाळी भरू?"

"आत्ताच भरा. मागनं माझा भरवसा न्हाई."

"बरं. सांगा. तांदूळ किती आहे घरात?"

"थांबा, बघून सांगतो."

फोन ओट्यावर ठेवला. तांदूळ कुठल्या डब्यात असतो ते मला माहीत नव्हतं. खालच्या फळीपासून एकेक डबा उघडत गेलो.