अमेरिकावाल्या जेठांचा फुटबॉल

माझ्या थोरल्या दिरांनी मला अमेरिकेतला फुटबॉल समजावून सांगितला, तो बैलाकडे तोंड करून. आमच्यात थोरल्या दिराला जेठ म्हणतात. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही आणि तिने त्याच्यापुढे पदर पार हनुवटीखाली ओढून घ्यायचा, ही आमच्या गुजर घरांतली त्या वेळची रीत. जेठांना रीत मोडायची नव्हती आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. मग ते गोठ्यात हरण्या नावाच्या बैलासमोर उभे राहायचे. गोठा आणि माझी चूल यांच्यामध्ये एक झरोका होता. "हरण्या, ध्यान दे बरं का," म्हणून ते सुरू करत, आणि इकडे माझी भाकर करपायची.

मी रनाळ्याची, सातवी पास होऊन कळसाडीला नांदायला आलेली. जेठ तेव्हा नुकतेच अमेरिकेहून परतले होते. तिकडच्या एका शेतकी कॉलेजात दोन वर्षं कापसाचं शिक्षण घेऊन आलेला आमच्या बाजूचा तो पहिलाच माणूस, म्हणून गावाने त्यांचं नाव अमेरिकावाला ठेवलं. लोकांना वाटत होतं, आता हा काहीतरी यंत्र काढून दाखवणार. त्यांनी कापसाचं जे करायचं ते नीट केलं, पण ओट्यावर बसले की बोलायचे ते तिकडच्या खेळाबद्दल. "दोन वरीस कपाशी शिकी उना, नि सांगस काय, तर चेंडू," असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, पण ऐकायला स्वतः सगळ्यांत पुढे बसायचे.

जेठांनी स्वतः आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नाही. ते बघणारे होते. बघणं हेही एक काम आहे आणि ते मन लावून केलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सामना बघताना पान नाही, तंबाखू नाही, मांडी बदलणं नाही. कोणी मध्येच उसाच्या पाण्याची पाळी विचारली तर ते इतक्या सभ्यपणे "नंतर" म्हणायचे की विचारणारा ओशाळून जायचा.

तिकडे ते एका शेतकऱ्याच्या विधवेच्या घरी खोली घेऊन राहिले होते. तिला ते 'म्हातारी' म्हणत आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. या म्हातारीने त्यांना पहिल्याच शनिवारी गोधडी काखेत मारून कॉलेजच्या सामन्याला नेलं होतं. "तठे चेंडू हातमा धरतस, हरण्या, नि बगलमा दाबीसन पयतस," जेठ सांगत. "घडीभर ढकलाढकली. मंग सगळा थांबतस, डोकाले डोकं लाईसन सल्ला करतस. मंग परत ढकलाढकली." चेंडू कोणाकडे आहे हेच त्यांना आधी दिसेना. पण खेळ थांबला की म्हातारी बाजूला वाकून सांगायची, हा कसा फसला, तो कसा निसटला, आता काय करतील. असं करत करत तिने त्यांना पुरता खेळ शिकवला.

त्यातला साखळीचा भाग आमच्या ओट्यावर फार चालायचा. कितपत पुढे सरकलो याबद्दल शंका आली की दोन माणसं साखळी घेऊन मैदानात येतात आणि जमीन मोजतात, हे जेठांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग हाऊ खेळ नही, भाऊबंदकी शे! आज हातभर बांध कोरा, उद्या हातभर." सगळा ओटा हसला. त्यानंतर गावात कोणाचा बांधाचा तंटा निघाला की लोक म्हणायचे, चला, अमेरिकेचा सामना लागला.

आपला फुटबॉलही जेठांनी तिकडे पाहिला. तिकडे त्याला सॉकर म्हणतात. परदेशी पोरं कॉलेजच्या मागच्या पडीत मैदानावर तो खेळायची आणि बघायला कुत्रंही फिरकायचं नाही. एकदा जेठ म्हातारीला तिथे घेऊन गेले. ती विणकाम घेऊन आली होती. खेळ थांबला की विणायचं, ही तिची नेहमीची सवय. पण हा खेळ थांबेचना. सामना संपला तेव्हा विणकाम होतं तेवढंच राहिलं होतं आणि म्हातारी जेठांवर रागावली होती, की यात बोलायचं कधी? ही गोष्ट सांगून झाल्यावर जेठ आपला निकाल देत. "तठला खेळ दोन जणस्नी देखाना, हरण्या. आपला खेळ एकलानी देखाना." त्यांच्या मते बघणाऱ्यासाठी तिकडचा खेळ वरचढ होता, कारण तो माणसांना एकमेकांशी बोलू देतो. नुसत्या नजरेचं सुख म्हणाल तर आपला. पहिल्यांदा बघणाऱ्यालाही चेंडू सतत दिसतो, आणि पापणी लवेपर्यंत वारं फिरतं.

हे सगळं ऐकून मी आतल्या आत जळायचे. कारण आमचे हे गावच्या संघात पुढच्या फळीत खेळायचे. शाळेच्या मास्तरांनी गावात फुटबॉल आणलेला होता, आणि कपाशीची वेचणी उरकली की नदीकाठच्या रानात दरवर्षी शहाद्याच्या संघाशी सामना व्हायचा. सगळा पुरुषवर्ग तिकडे लोटायचा. बायकांनी जायचं नाही, सुनांनी तर नाहीच. मी भाकरी थापत असताना रानातून एकदम गलका उठायचा आणि काय झालं ते मला कळायचं नाही. संध्याकाळी हे गुडघे सोलून घरी यायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "झालं, खेळलो." माझा नवरा कसा पळतो हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक आणि मला नाही. या गोष्टीचं मला खरोखर रडू यायचं. दुसरं काही नको, एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

एक दिवस जेठ गोठ्यात आहेत असं बघून मी सासूबाईंना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आत्याबाई, अमेरिकामा बाया खेळ देखाले जातस म्हने." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे त्यास्ले." गोठ्यात मात्र एकदम सामसूम झाली. त्या दिवशी हरण्याला एक शब्द ऐकायला मिळाला नाही.

रात्री जेवणावर जेठांनी सासऱ्यांपाशी विषय काढला. सासरे हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "सुना मैदानमा बठतीन? गाव काय म्हनी?" जेठ म्हणाले, "दमणीमा बठीसन जत्राले जातस ना? तश्याच दमण्या मैदाननी कडेले उभ्या करसूत. पडदा पाडेल ऱ्हाई." दमणी म्हणजे आमच्याकडची छपराची हलकी बैलगाडी. सासऱ्यांनी ठेवलेला घास उचलून तोंडात घातला. मी दाराआड कान देऊन उभी. शेवटी ते म्हणाले, "एक डाव. काही वाकडं व्हयनं, तर पुन्हा नाव काढानं नही."

त्या वर्षी मैदानाच्या कडेला दमण्या ओळीने उभ्या राहिल्या. आमची मधोमध. आत मी, जेठाणी म्हणजे जेठांची बायको, आणि शेजारच्या दोघी. जेठाणींना चेंडूत काडीचा रस नव्हता, त्या शेंगा फोडत होत्या. हरण्या चाकाला बांधलेला आणि त्याच्याजवळ जेठ उभे. पलीकडे निंबाखाली सासरे आणि गावातली वडीलधारी मंडळी, आमच्या पडद्यांवर नजर ठेवून. पडद्याच्या फटीतून मी पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला पळताना पाहिलं. घरात पाय ओढत चालणारा हा माणूस तिथे मान खाली घालून असा सुसाट निघाला की माझा हात तोंडावर गेला.

आणि इथे जेठांनी घोळ केला. दमण्यांमधल्या बायकांना खेळ समजला पाहिजे, समजायचा तर समजावला पाहिजे, आणि समजावायचा तर थांबवला पाहिजे, असा त्यांचा अमेरिकन हिशेब. सामन्याची शिट्टी शाळेच्याच चित्रकलेच्या मास्तरांकडे होती. जेठांनी त्यांना आधीच गाठून ठरवलं होतं, की मी खांद्यावरचा पंचा वर केला की खेळ थांबवायचा. खेळ जरा रंगात आला की पंचा वर, शिट्टी, आणि जेठ हरण्याला सांगताहेत, "देख, आते चेंडू डावीकडे का दिधा?" पहिल्यांदा लोक बुचकळ्यात पडले. दुसऱ्यांदा शहाद्याचा कप्तान मास्तरांच्या अंगावर धावून आला. निंबाखाली कुजबुज सुरू झाली, की बायका आणल्या आणि खेळाचा विचका झाला. सासऱ्यांनी उठून धोतर झटकलं. मला कळून चुकलं, की आता सगळं बुडालं. पुन्हा या रानाचं तोंड दिसणार नाही.

तेवढ्यात ह्यांना चेंडू मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, समोर गोल मोकळा. आणि जेठांचा पंचा वर जाताना मला दिसला. मग काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. पडद्याआडून मी जिवाच्या आकांताने ओरडले, "थांबाडू नका! चालू ऱ्हाऊ द्या!"

सुनेचा आवाज, सगळ्या गावासमोर, आणि तोही जेठांना हुकूम. जेठाणींच्या हातातल्या शेंगा सांडल्या. मास्तरांची शिट्टी ओठांवरच राहिली. निंबाखालचे सगळे चेहरे आमच्या दमणीकडे वळले. जेठांनी पंचा खाली घेतला, हरण्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबर बोलना, हरण्या! हाऊ खेळ थांबाडाना नही. मन्ही चूक व्हयनी."

आधी एक म्हातारा हसला, मग सगळं रान. ह्यांनी तोवर लाथ मारली होती. चेंडू गोलच्या वरून थेट शेजारच्या उसात गेला आणि सापडता सापडेना. आता मात्र खेळ आपोआपच चांगला थांबला होता. समजावायला आयती सवड मिळाली, पण जेठांनी पंचा खांद्यावरच ठेवला. सामना आम्ही हरलो. रात्री जेवताना सासरे कोणाकडेही न बघता म्हणाले, "बैलले खेळ समजस, तर सुनास्ले समजाले काय हरकत शे?" पुढच्या वर्षी दमण्या जुंपायला त्यांनीच सांगितलं.

जेठांनी त्या दिवशी चूक स्वतःवर घेतली आणि माझा आवाज बैलाला दिला, म्हणून मी वाचले. मीच कशाला, आमच्या सगळ्याजणींचं त्या मैदानावरचं बसणं वाचलं. पुढे पडदे अर्धे वर गेले, मग गुंडाळले गेले, आणि काही वर्षांनी आम्ही दमण्यांतून उतरून सरळ गोणपाटावर बसू लागलो. यासाठी कोणाला भांडावं लागलं नाही. जेठ माझ्याशी मात्र तेव्हाही थेट बोलत नसत. रीत ती रीत. मी गोणपाटावर, ते चार हातांवर, आणि मध्ये कोणी ना कोणी ऐकणारं.

एकोणीसशे साठ साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर त्यांची नजर जाऊ लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि फार उशीर झाल्याचंही सांगितलं. आधी कडा गेल्या, मग मधलंही. आयुष्यभर मन लावून बघणाऱ्या माणसाची ही गत बघून ह्यांनाही रडू आलं होतं. पण सामन्याच्या दिवशी जेठ काठी घेऊन आपल्या जागेवर येऊन बसले. सासरे-सासूबाई तोवर गेले होते, आमचे हे आता सामन्याचे पंच झाले होते. आजूबाजूचे पुरुष ओरडत होते, उठत होते, पण जेठांना काय चाललंय ते कोणी सांगेना. त्यांचा काय दोष? ज्याचे डोळे चेंडूवर, त्याचं तोंड मोकळं कुठून असणार? जेठ गलका होईल तिकडे मान वळवत होते आणि काही विचारत नव्हते.

मला ते बघवेना. मी गोणपाटावरून उठले, पदर सावरला आणि त्यांच्या मागे जाऊन बसले. "जेठजी, चेंडू आपलाकडे शे," मी म्हटलं. "डावीकडथून ऊना. आते एकले चुकाडं. आते परत मांगे दिधा." ते दचकले, मग एकदम स्थिर झाले. मला थांबता येईना, कारण चेंडू थांबत नव्हता. तोंडाला फेस येईपर्यंत मी बोलत होते, मध्येच ओरडत होते, एका पोराला तर शिवीही घातली.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा त्यांनी काठी आडवी ठेवली आणि तोंड माझ्याकडे वळवलं. "बेटा," ते म्हणाले, "मी इतला वरीस उलटं सांगं. हाऊ खेळ थांबत नही तेच बरं शे. तुले गप बठता येत नही." आणि हसले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी थेट मला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द.

असे आणखी दोन हिवाळे मिळाले. तिसऱ्याच्या आधी ते गेले. कपाशी फुटायला लागली होती.

त्या वर्षी सामन्याला जावं की नाही, मी घोटाळत होते. शेवटी गेले. ह्यांनी शिट्टी फुंकली, चेंडू निघाला, आणि माझ्याही नकळत माझ्या तोंडून सुरू झालं, चेंडू आपल्याकडे आहे, डावीकडून आला, एकाला चुकवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे मला नीट दिसतही नव्हतं. मी अडखळले. तेव्हा शेजारची एक नवी सून, जिचं नावही मला धड ठाऊक नव्हतं, घुंगट सारून मैदानाकडे बघत म्हणाली, "आते उजवीकडे गया, काकी. बोला ना, पुढे बोला."