ग्रिबल कूलिंगचा एसी बंद पडला तेव्हा

अॅरिझोनातल्या युमा गावात जुलै महिन्यात लोक गाडीचं स्टिअरिंग धरायला भट्टीतली भांडी उचलायचे हातमोजे वापरतात. त्याच गावात, त्याच महिन्यात आर्डिस ट्वेट नावाची बाई लोकरीचं पिवळं जाकीट घालून ऑफिसात बसायची. वर दोन्ही बटणं लावलेली असायची.

आर्डिसबाई मूळच्या नॉर्थ डकोटाच्या. लहानपणी गोठ्यातून घरात आणेपर्यंत दुधावर बर्फाची साय धरायची आणि शाळेत शाई गोठली म्हणून सुट्टी मिळायची. नवरा व्हर्न त्यांना लग्नानंतर अॅरिझोनात घेऊन आला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्या उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून उभ्या राहिल्या. बायकोला भोवळ आली असं वाटून व्हर्न पाण्याची बाटली घेऊन धावला.

"जरा गप्प उभा राहा," त्या म्हणाल्या. "माझी हाडं वितळतायत. मजा येतेय."

पुढे व्हर्न गेला, घर एकटीचं झालं, आणि बाईंनी नोकरी धरली. गंमत अशी की नोकरी मिळाली ती ग्रिबल कूलिंगमध्ये. हे लोक गावभरच्या घरांचे आणि दुकानांचे एसी दुरुस्त करायचे. त्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'घाम फुटण्याआधी आम्ही हजर'. आर्डिसबाई ऑफिस सांभाळायच्या. फोन, मेकॅनिक कुठल्या घरी पाठवायचे ते, कॉफी, भांडणं, सगळं. आणि एसीचं तापमान ठरवायची भिंतीवरची डबी बरोब्बर त्यांच्या खुर्चीमागे होती.

डबीचा काटा ऐंशीवर असायचा. फॅरेनहाइटचे ऐंशी, सेल्सिअसचे सत्तावीस, म्हणजे अंगावर जाकीट घालायची गरज नाही आणि काढलं तरी बरं वाटत नाही अशी हवा. बाई तरीही जाकिटात.

फोन घ्यायला दोघं होती. एक ड्वेन पकेट. हा इतका धिप्पाड की नुसता विचार केला तरी त्याच्या कपाळावर घाम यायचा. दुसरी येसेनिया बोरुंडा, दिवसभर पेल्यातला बर्फ कडाकडा चावणारी आणि जिभेने त्याहून कडक. दोघांनी डबीशी छुपं युद्ध मांडलं होतं. ड्वेनला एकदा युक्ती सुचली. डबीच्या खाली कपाटावर वाफाळत्या कॉफीचा पेला ठेवला की डबीला वाटतं खोली तापली, आणि एसी जोरात सुरू होतो. बाई महिनाभर म्हणत होत्या, यंदा थंडी फार आहे. मग एक दिवस त्यांनी डबीला नाक लावलं.

"ड्वेन," त्या म्हणाल्या, "या भिंतीला कॉफीचा वास का येतो?"

"भिंत जुनी आहे, मिस आर्डिस."

दुसऱ्या दिवशी डबीवर प्लास्टिकची पेटी आली आणि पेटीला कुलूप लागलं.

ज्या सोमवारी एसी गेला त्या दिवशी छतावरून आधी खाकरल्यासारखा आवाज आला, मग कोणीतरी पत्र्याच्या पेटीत लाडू गडगडवावेत तसा, आणि मग काहीच नाही. तिघंही वर बघत बसली. अर्ध्या तासात खोली तापली. ड्वेनचा शर्ट पाठीला चिकटला. येसेनियाच्या बर्फाचं चावायच्या आत पाणी झालं. आर्डिसबाईंनी हळूच जाकिटाचं एक बटण काढलं, मग दुसरं, आणि जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकून हात ताणले.

"बाईंना दंड आहेत," येसेनिया ड्वेनच्या कानात पुटपुटली. "मला वाटलं जाकीट थेट खांद्याला शिवलंय."

मालक मर्ल ग्रिबल दुपारी आला. मर्ल मनाने वाईट नव्हता, पण तो दिवसभर स्वतःच्या गाडीत, थंड वाऱ्यात असायचा, त्यामुळे त्याला जग आल्हाददायक वाटायचं. त्याने छतावर जाऊन बघितलं आणि लालबुंद होऊन खाली आला.

"मोटर गेलीय. लावायला निदान अर्धा दिवस हवा."

"मग लाव," बाई म्हणाल्या.

"कोण लावणार? सगळी पोरं बाहेर आहेत. अर्धं गाव उकडून निघतंय, आर्डिस. गिऱ्हाईक आधी, आपण मागून. आणि हे बघ, आपलीच गाडी आपल्याच दारात, आपलाच माणूस आपल्याच छतावर. लोक बघतील तर काय म्हणतील? एसीवाल्यांचाच एसी बंद? रविवारी गुपचूप करून टाकू. तोवर काढा कळ."

एवढं बोलून तो गाडीत बसला आणि काच वर केली.

खरं सांगायचं तर पहिला दिवस आर्डिसबाईंचा आयुष्यातला फार सुखाचा गेला. गुडघे दुखले नाहीत, बोटं मोकळी झाली. पोरं नाटकं करतायत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण मंगळवारी फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर यायला लागलं.

"किती म्हणालात तुमच्या घरात? चौऱ्याऐंशी?" ड्वेन एका गिऱ्हाइकाला विचारत होता. "आणि त्याची तक्रार आहे? मॅडम, तुमच्याकडे एखादी रिकामी खोली आहे का? मी माझी उशी आणतो."

येसेनियाचं निराळंच. दातांच्या डॉक्टरकडे जायची गाडी तिने मासळीच्या दुकानात पाठवली आणि मासळीवाल्याची डॉक्टरकडे. मासळीवाल्याने फोन करून सांगितलं की मेकॅनिक आला तो खुर्ची कुठे आहे विचारतोय. इकडे एक आजीबाई तिसऱ्यांदा फोन करून रडवेल्या झाल्या, कारण त्यांचा पत्ता लिहिलेल्या कागदाने येसेनिया वारा घेत होती.

दुपारी ड्वेन जागेवर दिसेना. बाई शोधत मागच्या खोलीत गेल्या, तर हा बाबा फ्रिजचं दार उघडून आत डोकं घालून बसलेला, आणि तिथूनच, मोहरीच्या बाटलीशेजारून, फोन घेत होता.

"हो साहेब, समजतंय मला तुमचं दुःख," तो फ्रिजला सांगत होता.

त्याने डोकं बाहेर काढलं तेव्हा बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. डोळे आत गेलेले, ओठ कोरडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नाटक करणारा माणूस असा दिसत नाही. त्यांना आठवलं, शाळेत आपल्याला हुडहुडी भरायची तेव्हा मास्तर पेटत्या शेगडीशी पाठ शेकत म्हणायचे, एवढी काही थंडी नाही.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "आणि ती मोहरी जागेवर ठेव. तुझ्या कानाला लागलीय."

बुधवारी त्या कामाला लागल्या. ऑफिस पहाटे उघडायचं ठरलं. खिडक्यांना आतून स्वयंपाकघरातला चंदेरी फॉइलचा कागद लावला, त्यामुळे ऑफिस गुंडाळून ठेवलेल्या सँडविचसारखं दिसायला लागलं. पोरांना पोहायला घेतात तसले फुगवायचे छोटे हौद आणून टेबलांखाली ठेवले आणि त्यात बर्फ टाकला. एका हौदावर हसरी बदकं होती, एकावर शार्क. बदकांचा हौद मलाच हवा म्हणून ड्वेन हटून बसला.

"तुझे पाय शार्कच्या मापाचे आहेत," येसेनिया म्हणाली.

"शार्क बघून मला कामात लक्ष लागत नाही."

तोडगा म्हणून दोघं जेवणानंतर हौद बदलायची. गळ्यात ओले टॉवेल, दर थोड्या वेळाने मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी आणि कलिंगड. हे सगळं बरं चाललं होतं. गाड्या बरोबर दारी जायला लागल्या. आजीबाईंचा एसी सुरू झाला, त्यांनी फोन करून ड्वेनला लग्न झालंय का विचारलं.

मग बाईंचा उत्साह वाढला आणि त्यांनी घरच्या पडवीतला व्हर्नचा जुना कूलर आणला. कोरड्या जूनमध्ये तो कूलर देवासारखा पावतो. पण जुलैत मेक्सिकोच्या बाजूने दमट हवा चढते, तेव्हा तो फक्त खोलीत पाणी मारतो. तासाभरात ऑफिसची धोब्याची भट्टी झाली. भिंतीवरचं कॅलेंडर सुरळी होऊन खाली पडलं. प्रिंटरमधून कागद लुसलुशीत बाहेर यायला लागले, घडी घालावी तर पोळीसारखे दुमडायचे. आणि बिलांसाठी आणलेले पाकिटांचे सगळे गठ्ठे, आत काहीही न घालता, आपले आपण चिकटून बंद झाले.

येसेनियाने एक पाकीट उजेडात धरलं. "मिस आर्डिस, गिऱ्हाइकांना हे असंच पाठवू का? निदान वाचायचे कष्ट नाहीत."

बाईंनी कूलरचं बटण बंद केलं, दार लावून घेतलं आणि फोन उचलला. त्यांनी नंबर लावला तो नदीपलीकडच्या ओरोस्को यांच्या दुकानाचा. हे ओरोस्को म्हणजे ग्रिबलचे एकमेव कट्टर स्पर्धक. मर्ल त्यांच्या गल्लीतून गाडीही नेत नसे.

"नमस्कार," बाई घसा बारीक करून म्हणाल्या. "मी मिसेस जॉन्सन. आमच्या छोट्याशा ऑफिसचा एसी बिघडलाय."

पलीकडून पुरुषी आवाज म्हणाला, "मिस आर्डिस?"

हा रुबेन ओरोस्को. काही वर्षांपूर्वी तो ग्रिबलकडेच नोकरीला होता. आर्डिसबाईंच्या ऐंशीला कंटाळून त्याने नोकरी सोडली आणि चुलत्याच्या धंद्यात गेला, असं तो गावभर सांगायचा.

"मी जॉन्सन आहे," बाई म्हणाल्या.

"बरं, मिसेस जॉन्सन. पत्ता सांगता की मी ओळखीनेच येऊ?"

"मागच्या गल्लीने ये. आणि रुबेन, लोकांना दिसणार नाही असं बघ."

रुबेन दुसऱ्या दिवशी भर सकाळी आला, पुढून. ओरोस्कोची नारिंगी गाडी त्याने ग्रिबल कूलिंगच्या पाटीखाली आडवी लावली. शिडी काढताना ती मुद्दाम दोनदा आपटली. समोरच्या टायरवाल्याने काम थांबवून खुर्ची बाहेर आणली. केस कापणारी बाई गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं फडकं न काढता त्याला घेऊन फुटपाथवर आली. कोणीतरी फोटो काढला.

"मागच्या गल्लीने म्हटलं होतं मी," बाई शिडीखालून म्हणाल्या.

"माझ्या गाडीला मागच्या गल्लीत गुदमरल्यासारखं होतं, मिस आर्डिस. तुम्हाला माहीत नाही ना ते काय असतं."

बाई शिडीला धरून म्हणाल्या, "माहीत नव्हतं. आता जरा जरा कळलंय. ड्वेन फ्रिजमध्ये बसला होता."

रुबेनने वरून खाली बघितलं. "आख्खा?"

"डोकं. बाकीचा मावला नाही."

रुबेन हसला, आणि मग मात्र त्याने मन लावून काम केलं. त्यांच्याकडे जुळणारी मोटर होती. दुपार कलायच्या आत छतावरून गुरगुर सुरू झाली आणि झरोक्यातून थंड झुळूक आली. ड्वेन बदकांच्या हौदात उभाच्या उभा डोळे मिटून राहिला. येसेनियाने टाळ्या नाही वाजवल्या, पण बर्फ चावायचा थांबवला.

नेमका त्याच वेळी मर्ल आला. नारिंगी गाडी, फुटपाथवर जमलेली माणसं आणि आपल्या पाटीखाली बसून पोळीत गुंडाळलेला बरिटो खाणारा रुबेन असं दृश्य बघून तो दारातच थिजला.

"आर्डिस, हे काय आहे?"

"गिऱ्हाईक आधी म्हणालास ना?" बाई म्हणाल्या. "आपण त्यांचं गिऱ्हाईक झालो. लगेच आले."

मर्लने वर बघितलं. वारा त्याच्या घामेजल्या कपाळावर येत होता. सकाळीच त्याच्या गाडीचा एसी गेला होता हे तो कोणाला सांगणार नव्हता, पण त्याचा शर्ट पाहून सगळ्यांना कळलं. तो शार्कच्या हौदात पाय घालून बसला.

"बुटासकट बसलास," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला," मर्ल म्हणाला.

पुढचे काही आठवडे गावाने मर्लला सळो की पळो केलं. टायरवाला भेटला की विचारायचा, ओरोस्कोचा नंबर आहे का रे तुझ्याकडे. पण मर्लच्या धंद्याचं काही बिघडलं नाही. युमात उन्हाळ्यात एसीवाल्यावर हसणारा माणूस संध्याकाळी त्याच एसीवाल्याला फोन करतो.

खरी अडचण आर्डिसबाईंची झाली. त्यांनी पेटीचं कुलूप काढलं, किल्ली येसेनियाच्या हातात दिली आणि सांगितलं, तुम्हीच ठरवा. पोरांनी बहात्तरवर ठरवलं. बाई जाकीट, त्यावर शाल, त्यावर कुत्र्याच्या घोंगडीसारखं काहीतरी घालून बसायला लागल्या. टाइप करताना बोटं चुकायची. एकदा त्यांनी गरम हवेचा छोटा पंखा टेबलाखाली लावला, तर आख्ख्या ऑफिसची वीज गेली. दोन दिवसांनी ड्वेनच त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मिस आर्डिस, तुमचे ओठ निळे दिसतायत. आम्ही पंच्याहत्तर करतो."

"नको. तुझ्या चष्म्याला परत घसरगुंडी लागेल."

शेवटी जागा सापडली ती मागच्या पत्र्याच्या गोदामात. तिथे मोटरी, पट्टे, गाळण्या असं सामान असायचं, आणि झरोका एकही नव्हता. बाईंनी टेबल तिथे हलवलं, दार ओढून घेतलं आणि जाकीट खिळ्याला टांगलं. पहिल्याच दुपारी त्या बिनबाह्यांच्या झग्यात, गरम कॉफी पीत, गुणगुणत बसलेल्या दिसल्या.

याचा एक फायदा कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. मेकॅनिक मंडळी सामान न्यायला गोदामात यायची आणि आधी तिथे तासन्‌तास बेसबॉलच्या गप्पा चालायच्या. आता आत येणारा माणूस दोन वाक्यांत काय हवं ते सांगायचा, बाई ते काढून द्यायच्या, आणि तो घाम पुसत बाहेर पळायचा. गाड्या वेळेवर सुटायला लागल्या. मर्लला वाटलं, आपण शिस्त लावली.

सप्टेंबरात रुबेन एक जादा पट्टा मागायला आला. आता दोन्ही दुकानांत उसनवारी चालायची, मर्लला न सांगता. गोदामाचं दार उघडताच त्याने एक पाऊल मागे घेतलं.

"मिस आर्डिस, तुम्ही इथे बसता?"

"ये की. बस. कॉफी घेतोस?"

रुबेनने आत डोकावून बघितलं. मग तो दारातच, एक पाय ऑफिसच्या थंडाव्यात आणि एक पाय गोदामात ठेवून, खोक्यावर टेकला.

"अर्धा कप," तो म्हणाला. "आणि दार उघडंच राहू दे."

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. "मला वारा लागतो."