संस्कारमूल्य, गुण पंचवीस

पुस्तकांची खोकी टेम्पोने शाळेत आली, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. नगरचं एक जुनं वाचनालय दरवर्षी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना पुरस्कार देतं. त्या वर्षी तिघा परीक्षकांत मी होते. मी कर्जत तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. शिपाईमामांनी खोकी स्टाफरूममध्ये आणून ठेवली आणि विचारलं, "एवढी सगळी तुमी एकट्या वाचनार?" मी ऐटीत हो म्हटलं.

माझं नाव सुचवलं होतं माझ्या सरांनी. डी.एड.ला त्यांनी मला मराठी शिकवलं. आमच्या घरात दखनी उर्दू बोलतात, आणि माझं नाव ऐकल्यावर लोक हमखास म्हणतात, "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!" जशी काही मी परवाच बाहेरून येऊन शिकले. सर असं कधीच म्हणाले नाहीत. ते इतरांच्या चुका काढायचे तशाच माझ्याही काढायचे. निवृत्तीनंतर स्कूटरला पेटी बांधून ते वाड्यावस्त्यांवर पुस्तकं वाटत फिरले. मी शिक्षिका झाले ती त्यांचं बघून. ते परीक्षक मंडळाचे अध्यक्ष आणि मी सदस्य, याचा मला अभिमान वाटत होता.

दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बसले. पहिल्या दिवशी उत्साह होता, दुसऱ्या दिवशी चहा वाढला, आणि मग मला राग यायला लागला.

पुस्तकागणिक एक आजोबा होते. ते अंगणात बसायचे, नातवंडं भोवती जमायची आणि आजोबा बोलत राहायचे. त्यांना कधी खोकला यायचा नाही की ते कधी कुणावर उगाच चिडायचे नाहीत. झाडं रडत होती, नद्या पत्र लिहीत होत्या. मोबाईल विहिरीत पडला की मुलगा पहिला येत होता. गरीब मुलाचे कपडे फाटके पण स्वच्छ असायचे, आणि त्याला सापडलेलं पाकीट तो नेमका हेडमास्तरांनाच नेऊन द्यायचा. शहरातला मुलगा सुट्टीत गावी आला की गावातल्या मुलाला एकच काम उरायचं, त्याला पक्ष्यांची नावं सांगायची. माझ्या वर्गातल्या पोरांना पक्ष्यांची नावं येत नाहीत. ट्रॅक्टरच्या कंपन्यांची येतात.

आणि एक चाचा असायचा. तो बांगड्या तरी विकायचा नाही तर बर्फाचे गोळे तरी. दंगलीच्या किंवा पुराच्या प्रकरणात तो कुणाचा तरी जीव वाचवायचा आणि गोष्ट संपायची. त्याला स्वतःची मुलं नसायची. त्यातल्या एकाही पुस्तकात मला, म्हणजे बारा वर्षांच्या मला, जागा नव्हती. शाळेत जाणारी, बहिणीशी भांडणारी, गणितात नापास होऊन निकाल लपवणारी मुलगी कुणालाच लिहावीशी वाटली नव्हती. माझा नवरा म्हणाला, "इतकं मनाला काय लावून घेतेस? गुण दे आणि मोकळी हो." पण गुण तरी कशाला द्यायचे? वाचनालयाने छापून पाठवलेल्या तक्त्यात भाषेला गुण होते, चित्रांना होते, छपाईला होते, आणि संस्कारमूल्य नावाचा एक रकाना होता. त्याला सगळ्यांत जास्त, पंचवीस. पुस्तक मुलांना वाचावंसं वाटेल का, याला एकही नाही.

त्या ढिगात खाली एक पातळ कादंबरी निघाली. मुखपृष्ठ इतकं वाईट की मी ते आधी दोनदा बाजूला सारलं होतं. लेखिकेचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. गोष्ट नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या एका कामगाराच्या सहावीतल्या मुलीची. आईबापाचं भांडण होतं आणि आई निघून जाते. कुठे, ते मुलीला कुणी सांगत नाही. ती शाळेत थाप मारते की मावशी आजारी आहे म्हणून आई तिकडे गेली. मग मावशीला कोणता आजार, कोणतं हॉस्पिटल, सगळं तिला रचत बसावं लागतं. वाचताना मी हसत होते आणि ती पकडली जाईल म्हणून धास्तावतही होते. शेवटी मुलगी भाकरी करायला शिकते, ती करपते, आणि तेवढ्यात फोन वाजतो. स्क्रीनवर आईचं नाव. ती फोनकडे बघत उभी राहते. तिथेच पुस्तक संपतं.

सुट्टी संपल्यावर मी खोकी आठवीच्या वर्गात नेली. ऑफ तासाला पोरांना म्हटलं, हवं ते घ्या, नाही आवडलं तर टाकून द्या, फक्त का टाकलं ते सांगा. पोरं आधी बिचकली. पुस्तक आवडलं नाही असं बाईंना सांगायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्यातले आजोबा लई बोलत्यात." सगळा वर्ग हसला आणि बांध फुटला. "शेवटाला काय हुनार ते पयल्याच पानावर कळतंय." "हा पोरगा आईला उलटून बोलतच न्हाई, आजारी हाय का?"

ती पातळ कादंबरी मात्र हातोहात फिरली. आई परत येते की नाही यावर वर्गात दोन तट पडले. फोन आला म्हणजे येणार, असं एक बाजू म्हणे. दुसरी म्हणे, यायचं असतं तर फोन कशाला केला असता, सरळ आली असती. मधल्या सुट्टीतही वाद चालू राहिला. मी बारा वर्षं शिकवते, पण एका पुस्तकावरून पोरांना डबा विसरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

वर्गात एक मुलगी होती, आत्याकडे राहणारी. का राहते ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ती त्या वादात पडली नाही. पुस्तक परत द्यायला स्टाफरूममध्ये आली आणि दारातच थांबून म्हणाली, "मॅडम, ती पोरगी खोटं बोलती ते बरुबर हाय. खरं सांगितलं का लोकं डोळे बारीक करून बगत्यात."

एवढी तयारी करून मी नगरला बैठकीला गेले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सर, तिसरे परीक्षक आणि वाचनालयाचे कार्यवाह बसले होते. तिसरे परीक्षक सरकारी अधिकारी, कविताही करतात. पुस्तकं त्यांनी बैठकीतच चाळायला घेतली. मागच्या पानावरचा मजकूर वाचायचे आणि म्हणायचे, "हं, छान आहे. विषय चांगला आहे."

सरांनी मात्र सगळी पुस्तकं वाचली होती. त्यांच्या समासात बारीक अक्षरात टिपणं होती. म्हणूनच मला आशा होती.

मी कादंबरीचं नाव काढलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वाचली मी. हात चांगला आहे बाईचा. पण यात आई मूल टाकून जाते आणि मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं बोलते. तिला त्याची शिक्षा नाही, पश्चात्तापही नाही. हे तू सातवी-आठवीच्या मुलीच्या हातात देणार?"

"दिलं सर. माझ्या वर्गात सगळ्यांनी वाचलं."

"आणि?"

"भांडले त्यावरून. डबे खायचे विसरले."

अधिकारी हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझ्या वर्गात असं घर असलेली मुलं असतील ना?"

"आहेत."

"मग त्यांनी घरी जे भोगलं तेच पुस्तकातही भोगायचं? अगं, पुस्तक म्हणजे त्यांना जरा सावली हवी. मी पेटी घेऊन फिरायचो ना, तेव्हा पोरं माझ्याकडे का धावायची? घरात जे नाही ते पेटीत असायचं म्हणून."

हा मुद्दा खोटा नव्हता. तेच मला जास्त टोचलं. त्यांच्यापुढे मी पुन्हा डी.एड.ची पोर झाले. आत्याकडे राहणाऱ्या त्या मुलीचं वाक्य माझ्या ओठांवर होतं, पण ते तिचं होतं. त्या खोलीत, त्या अधिकाऱ्यांसमोर, ते मला काढवेना. मी एवढंच म्हटलं, "सर, आपल्याच घरात असं आहे, असं वाटणाऱ्या मुलीला दुसऱ्या कुणाच्या घरातही ते आहे हे कळलं, तर तीही सावलीच की."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि कादंबरी हातात घेतली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात कार्यवाह घड्याळ बघत म्हणाले, "तक्त्याप्रमाणे बेरीज करून टाकू या का? म्हणजे वाद नको."

बेरीज केली. संस्कारमूल्यात सरांनी कादंबरीला चार दिले होते. अधिकाऱ्यांनी सरांकडे बघून तीन दिले. मी पंचवीस दिले होते, त्याचा उपयोग झाला नाही. पहिला आला आजोबांच्या गोष्टींचा संग्रह. मी म्हटलं, निदान पुढच्या वर्षी मुलांचं मत घेऊ, एक वर्ग तरी परीक्षक म्हणून बसवू. कार्यवाह समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, स्पर्धा मुलांच्या पुस्तकांची आहे, मुलांची नाही."

समारंभाला आसपासच्या शाळांतली मुलं आणली होती. ती सतरंजीवर बसली होती, खुर्च्या आमच्यासाठी होत्या. मुलं वाचत नाहीत, यावर चार जण बोलले. बोलणं इतकं लांबलं की मागची दोन मुलं एकमेकांच्या खांद्यावर झोपली. टाळ्या वाजवायची वेळ आली की एक शिक्षिका त्यांना हलवून उठवायच्या. मानपत्र मी वाचावं असं ठरलं होतं. मी घसा बसल्याचं सांगितलं, अधिकाऱ्यांनी ते आनंदाने वाचलं. निघताना सरांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रागावलीस ना?" मी हो म्हटलं. "रागाव," ते म्हणाले, "पण मला पटलं नाही, ते नाहीच पटलं." निदान त्यांनी मनातलं सांगितलं.

निकाल लागून गेला होता, म्हणून मी लेखिकेला फोन करायचं धाडस केलं. नंबर पुस्तकातच होता. ती पुणतांब्याची, माझ्याच वयाची निघाली. मागे गाई हंबरत होत्या. मी कोण ते सांगितलं आणि वर्गासाठी प्रती हव्यात असं म्हटलं.

"कुणी वाचली का हो खरंच?" तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. दोन तट, डबे, येणार आणि न येणार. ती मधेमधे "व्हय? खरंच?" करत राहिली. प्रती घरात पलंगाखाली पडून आहेत, हव्या तेवढ्या पाठवते, म्हणाली. मग हलकेच म्हणाली, "बक्षीस न्हाई मिळालं, तवाच मला कळलं माझं काय चुकलं ते. आमच्या गावच्या हेडमास्तरांनी आधीच सांगितलं हुतं. आईला परत आणायला पायजे हुती. आता दुसरं लिहायला घेतलंय. त्यात समदं नीट करते बघा."

"नका करू," मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग न्हाई का मिळालं?"

पंचवीस गुणांचा तो रकाना मी तिला कसा समजावून सांगणार होते? मी म्हटलं, परीक्षकांचं एकमत झालं नाही. ती हसली. "म्हंजे तुमी एकट्याच हुता. एकट्या बाईसाठी कोण छापनार मॅडम? शाळंत घेतलं पायजे, यादीत आलं पायजे. तुमी लई चांगलं बोलला, पण मला पुस्तक काढायचं हाय."

प्रती आल्या. सोबत नव्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणं होती, मत कळवा म्हणून. पहिलं प्रकरण इतकं सुंदर की मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. शेजारणीच्या गाईला वासरू होतं आणि मुलगी मत्सराने दोन दिवस जेवत नाही. मत्सराचं कारण कुठेही सांगितलेलं नाही, पण कळतं. दुसऱ्या प्रकरणात एक आजोबा आले. ते अंगणात बसले आणि त्यांनी मुलीला मत्सर कसा वाईट असतो ते समजावून सांगितलं. मुलीला ते पटलं.

मी लगेच फोन केला. तिच्या मुलाने उचलला. मम्मी मळ्यात गेलीय, म्हणाला, काही निरोप हाय का? काय निरोप देणार? आजोबांना काढ, एवढं तिला म्हणता आलं असतं. पण ते आजोबा तिने मनाने आणलेच नव्हते. ते आम्ही तिघांनी बेरीज करून तिच्या अंगणात बसवले होते, आणि त्या तक्त्याखाली माझीही सही होती. मी म्हटलं, पुन्हा करते. तेव्हापासून दोनदा केला आहे. दोन्ही वेळा तिने आनंदाने सांगितलं की लिखाण जोरात चाललंय, हेडमास्तरांना फार आवडतंय.