एका चेकवर एकदाच

“आपलाच माणूस आहे गं तो!” मावशी हे कोणाबद्दल म्हणतील याचा नेम नसायचा. दुधात पाणी घालणारा भैया आपला, सुटे पैसे न देणारा रिक्षावाला आपला. एकदा देवळाबाहेरून त्यांची चप्पल गेली, तर म्हणाल्या, “नेऊ दे, अनवाणी असेल बिचारा.” मी कपाळावर हात मारला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा संताप येतो आणि त्यांच्यावर रागावताही येत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी उल्हासनगरात एका वकिलांकडे टायपिस्ट होते. मावशी मोरिवलीत आमच्या मागच्या चाळीत राहायच्या. विधवा, मूलबाळ नाही. घरात शिलाईची चार मशिनं, तेवढीच त्यांची इस्टेट. उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधल्या एका जीन्सवाल्या शेठकडून कापलेला माल आणायचा, बायकांकडून शिवून घ्यायचा आणि पोचता करायचा, हा त्यांचा धंदा. बायका चाळीतल्या, आणि दोघी बदलापूरच्या पलीकडून बारवीच्या पाड्यावरून यायच्या.

शेठ नेहमी रोख द्यायचा. त्या वर्षी गणपतीनंतर सगळी थकलेली मजुरी त्याने एकदम चेकने दिली. जन्मातला पहिला चेक! मावशींनी तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मग बँकेत नेला. क्लार्कने कुंकू झटकून घेतला. थोड्याच दिवसांत तो परत आला. शेठच्या खात्यात पैसेच नव्हते.

मी त्यांना हाताला धरून वकीलसाहेबांकडे नेलं. साहेबांनी बोटांवर मोजून समजावलं. चेक परत आल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला शेठला पंधरा दिवस. नाही दिले, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात फौजदारी तक्रार.

“फौजदारी? म्हणजे बेड्या?” मावशींनी पदर तोंडाला लावला.

“त्या भीतीनेच तर पैसे निघतात, मावशी,” साहेब म्हणाले.

नोटीस मीच टाइप केली. रजिस्टरने गेली, शेठच्या सहीची पोचपावती आली. त्याचे पंधरा दिवस संपले, दिवाळी तशीच गेली, बायका रिकाम्या हाताने घरी गेल्या. तक्रार तयार होती, फक्त मावशींची सही बाकी होती. आणि सहीच्या दिवशी बाई येऊन म्हणतात, “साहेब, माझा चेक परत द्या.”

आदल्या संध्याकाळी शेठ आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन चाळीत आला होता. म्हातारी मावशींच्या पायाशी बसली. “बेटी, मेरे लड़के को जेल मत भेज. नाताल का सीझन निकलने दे, फिर चेक डाल देना. पास हो जायेगा.”

“अहो, पण तोवर महिना संपेल!” मी ओरडलेच.

साहेब शांतपणे म्हणाले, “आधी तक्रार टाकू. पैसे आले की मागे घेऊ. शेठला त्रास नाही.”

“तक्रार टाकली म्हणजे शब्द मोडलाच की. आईच्या वयाची बाई माझ्या पाया पडली, साहेब. आणि पार्टी म्हणते तेव्हा चेक टाकायचा, हीच बाजाराची रीत.”

“रीत गेली खड्ड्यात!” मी म्हटलं. मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि चेक घेऊन गेल्या.

नाताळ झाला. चेक टाकला. परत आला.

मावशी धापा टाकत ऑफिसात शिरल्या. “आता टाका केस! आता मी ऐकत नाही कोणाचं.”

साहेबांनी चष्मा काढला. “मुदत गेली, मावशी.”

“मग दुसरी नोटीस काढा.”

“एका चेकवर एकदाच. नोटिशीनंतरचा तो महिना गेला की गेला, कायदा असाच आहे. आता दिवाणी दावा लावता येईल. पण त्याला वर्षं लागतील आणि कोर्ट फी आधी भरावी लागेल.”

मावशी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, “बायकांना काय सांगू गं?” आणि लहान मुलासारख्या रडल्या. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिथून उठून त्या शेठच्या घरी गेल्या. म्हातारीने दार उघडलं, मुलगा बाहेरगावी आहे म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

“आणि तुम्ही प्यायलात?” मी नंतर विचारलं.

“ऊन होतं गं. तहान लागली होती.”

मग मशिनं विकली जाऊ लागली. एकेक जायचं, त्यात दोघी-तिघींचे पैसे फिटायचे. बारवीची सगुणा हात मागे घेऊन म्हणाली, “राहूं दे, मावशे. तुजा पोट कसा भरशील?” मावशींनी तिची मूठ उघडून नोटा कोंबल्या. शेवटचं मशीन त्यांचं स्वतःचं होतं. तेही गेलं, आणि मग भाडं न झेपून खोलीही गेली. मावशी कुठे गेल्या, चाळीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी एका समन्सचा पत्ता शोधत मी कॅम्प पाचमध्ये फिरत होते. एका गाळ्याच्या दारात जमिनीवर बसून बायका शिवलेल्या पँटींचे धागे कापत होत्या. त्यांत मावशी! मी धावत गेले. वर पाटीवर नाव नवीन होतं, पण आत गल्ल्यावर तोच शेठ बसलेला.

“मावशी! याच्याकडे? ज्याने तुम्हाला बुडवलं त्याच्या दारात...”

मावशींनी कात्री खाली न ठेवताच माझा हात घट्ट दाबला.

“हळू बोल गं, बाई. आज शनिवार आहे. अजून मजुरी द्यायचीय त्याने.”